ढिगात घातलेला हात

शबे-बरात झाली की आमच्या घरात रमजानच्या वाणसामानाची यादी निघते. खजूर, बेसन, काळे चणे, शेवया, सब्जा, साखर. मिरजेच्या या घरात आम्ही दोघी जावा ही यादी मिळून करतो आणि अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, ती एकदा ऐकून घेतात. यादीतले जिन्नस वर्षानुवर्षे तेच आहेत. बदलली ती एकच ओळ. तिथे पूर्वी ‘सरबत’ लिहिलेले असे, आता मुले ‘ज्यूस’ लिहितात. आणि किराणा दुकानात आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो या एका ओळीपाशी.

सरबताचे सोपे होते. साखर आपल्या हाताने घालायची, त्यामुळे किती घातली हे हाताला माहीत असायचे. घरी केले नाही तर लाल शरबताची बाटली आणायची. रूह अफ्जा हे हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केले. फाळणीनंतर त्यांचा एक मुलगा दिल्लीत राहिला, दुसरा कराचीला गेला, आणि शरबत दोन्हीकडच्या दस्तरखानावर राहिले. पण त्या बाटलीला कधी कोणी फळ म्हटले नाही. ते गोड पाणी आहे हे पिणाऱ्यालाही ठाऊक होते. आताच्या खोक्यावर मात्र कापलेला आंबा असतो, त्यावर पाण्याचे थेंब, शेजारी हिरवे पान. दिवसभर उपाशी असलेला माणूस ते पितो आणि त्याला वाटते, आपण फळ खाल्ले.

हे खोके घरात का आले, तेही सांगायला हवे. मगरिबच्या आधीचा अर्धा तास ज्या बाईने स्वयंपाकघरात काढला आहे तिला ते कळेल. एका शेगडीवर भजी, दुसरीवर खिमा, मशिदीत पाठवायचे ताट झाकायचे, शेजारी द्यायच्या वाट्या भरायच्या, आणि हे सगळे स्वतः रोजा ठेवून. अशा वेळी पपई सोलून, डाळिंब सोलून, फोडी करून ताटात मांडणे म्हणजे एक माणूस अडकून पडतो. खोक्याला फक्त कात्री लागते. म्हणून खोके आणणाऱ्या बाईला आम्ही आळशी म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आणायचेच तर त्यात काय आहे ते बघून आणावे.

बघण्याची सवय आपल्या समाजाला नाही असे नाही. उलट, आपण फार बघतो. बिस्किटाचा पुडा उलटून त्यात काय घातले आहे ते वाचणारे लोक आपल्याच मोहल्ल्यात जास्त सापडतील. लाल रंगाच्या पेयात १२० हा आकडा दिसला तर तो रंग कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढलेला असतो, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत झाले आहे. सफरचंदाचा रस नितळ करण्यासाठी काही ठिकाणी जिलेटिन वापरतात आणि त्याचे नाव घटकांच्या यादीत येतेच असे नाही, याचीही चर्चा होते. ही काळजी योग्यच आहे. पण हलालची खात्री पटली की आपला हात थांबतो. कुरआनात, सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत, खाण्यासंबंधी दोन शब्द जोडीने आले आहेत, हलाल आणि तय्यब. तय्यब म्हणजे चांगले, स्वच्छ, अंगी लागणारे. पहिल्या शब्दावर आपण तासन् तास बोलतो. दुसऱ्या शब्दावर मात्र क्वचितच कोणी बोलते.

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात मदीनेच्या बाजारातला एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे, आतले भिजलेले. विचारले तेव्हा विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी त्याला विचारले, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणारा आपल्यातला नव्हे अशी ताकीद दिली. पाऊस पडणे हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. गुन्हा होता तो वर काय मांडायचे आणि आत काय दडवायचे, या निवडीचा. किराणा दुकानात उभ्या असताना आम्हांला हा प्रसंग हटकून आठवतो. खोक्याची पुढची बाजू म्हणजे ढिगाचा वरचा थर. हात घालायचा तो मागच्या बाजूला.

मागची बाजू वाचायची कशी, ते आता आम्हांला सवयीने जमते. सुरुवात नावापासून करायची. ‘ज्यूस’, ‘नेक्टर’, ‘फ्रूट ड्रिंक’ हे तीन शब्द आपल्याला सारखेच वाटतात, पण कायद्याला ते सारखे नाहीत. ‘ज्यूस’ म्हणजे मुख्यतः रस. ‘नेक्टर’मध्ये रस किंवा गर कमी आणि बहुधा साखरपाणी मिसळलेले. ‘फ्रूट ड्रिंक’ किंवा ‘फ्रूट बेव्हरेज’ म्हटले की फळाचे प्रमाण किमान १० टक्के असले तरी नियम पाळला जातो, आणि लिंबाच्या बाबतीत तर ५ टक्के पुरतात. पाण्यात मिसळून प्यायच्या स्क्वॅशला किमान २५ टक्के लागतात. आता १० टक्क्यांचा हिशेब करून पाहा. २०० मिलीच्या खोक्यात २० मिली फळ, म्हणजे औषधाच्या चमच्याने मोजले तर चार चमचे. बाकीचे पाणी, साखर, सायट्रिक आम्ल, सुगंध आणि रंग. मशिदीत वाटली जाणारी आणि मुलांच्या दप्तरात जाणारी खोकी बहुतेक या तिसऱ्या जातीची असतात, कारण ती स्वस्त पडतात.

त्यानंतर घटकांची यादी. जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहायचा असा नियम आहे. पहिला शब्द ‘पाणी’ आणि दुसरा ‘साखर’ असेल, तर आंब्याचा गर तिसऱ्या क्रमांकावर आहे हे समजून घ्यावे, चित्रात तो कितीही मोठा काढलेला असो. त्याखाली पोषणाचा तक्ता असतो. तिथे दोन ओळी बघायच्या, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर. हे आकडे बहुधा १०० मिलीमागे दिलेले असतात, आणि आपण पितो २०० मिली. म्हणजे आकडा दुप्पट करायचा. आंब्याच्या ज्या पेयांची मागची बाजू आम्ही वाचली, त्यांतल्या बऱ्याच पेयांत १०० मिलीमागे बारा ते पंधरा ग्रॅम साखर होती. चौदा धरली तर खोक्यात अठ्ठावीस ग्रॅम. छोट्या चमच्यात चार ग्रॅम साखर मावते असे मानले तर सात चमचे. चहात सात चमचे साखर घालून कोणी पाहुण्याला दिली, तर पाहुणा कप खाली ठेवील.

या आकड्यांत आणखी एक गोम आहे. तक्त्यात शेवटी टक्केवारी दिलेली असते, दिवसाच्या गरजेच्या अमुक टक्के. वरून घातलेल्या साखरेची ही टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम ही मर्यादा धरून काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की अशी साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. मोठ्या माणसाच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. म्हणजे खोक्यावर ‘४० टक्के’ वाचून आपण निर्धास्त होतो, तेव्हा या दुसऱ्या मापाने ते ८० टक्के झालेले असतात. आणि संघटनेच्या मोजमापात फळांच्या रसातली नैसर्गिक साखरही याच साखरेत धरली जाते, हे विशेष.

इथेच पुष्कळ लोक अडतात. साखर घातलेलीच नाही, शंभर टक्के रस आहे, मग हरकत काय? या शंभर टक्क्यांचीही गोष्ट आहे. खोक्यातला पुष्कळसा रस फळ पिळून थेट भरलेला नसतो. रसातले पाणी आटवून तो दाट करतात, तसाच साठवतात, दूरवर पाठवतात आणि भरताना त्यात पुन्हा पाणी घालतात. जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, कंपन्यांना बजावले, की अशा रसाच्या वेष्टनावरचा आणि जाहिरातीतला ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकावा. घटकांच्या यादीत तो पुन्हा पाणी मिसळून केलेला आहे हे लिहावे आणि किलोमागे १५ ग्रॅमहून अधिक साखर घातलेली असेल तर त्याला गोड केलेला रस म्हणावे. म्हणजे ढिगात हात घालण्याचे काम शेवटी सरकारलाही करावे लागले.

पण रस अस्सल असला तरी तो फळ नव्हे. द्राक्षांचे गाव आमच्यापासून फार लांब नाही, म्हणून द्राक्षाचेच घ्या. साखरेचा कणही न घातलेल्या द्राक्षरसात १०० मिलीमागे पंधरा ग्रॅमच्या आसपास साखर असते, कोलापेक्षाही जास्त. संत्र्याच्या रसात आठ-नऊ ग्रॅम, डाळिंबाच्या रसात बारा-तेरा. संत्रे खाताना ही साखर चोथ्यासकट, सावकाश पोटात जाते. एका संत्र्यात तीनेक ग्रॅम चोथा असतो. रस काढला की तो जवळजवळ सगळा गाळणीत राहतो. शिवाय पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात. एका बैठकीला चार संत्री सोलून कोण खातो? पेला मात्र दोन मिनिटांत रिकामा होतो आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. लहान मुलांसाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली मर्यादा घालून दिली. एक वर्षाच्या आतल्या बाळाला रस देऊच नये आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १२० मिलीहून जास्त नको. आमच्या धाकट्या मुलीला आम्ही खोके देण्याऐवजी संत्र्याच्या फोडी देतो. ती त्या चोखून चोथा बशीत ठेवते, तेव्हा अम्मी म्हणतात, “तो पण खा गं बाळा, असली माल तोच आहे.”

खोक्यातले फळ कुठले, हाही एक मनोरंजक प्रश्न आहे. चित्रातला आंबा हापूसचा भाऊ शोभेल असा केशरी. आत बहुधा तोतापुरी. आंध्रातल्या चित्तूर आणि तमिळनाडूतल्या कृष्णगिरी भागात आंब्याच्या गराचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांचा मुख्य आंबा तोतापुरीच. तोतापुरी वाईट नाही. गर भरपूर, भाव कमी. पण मग चित्रही तोतापुरीचे छापावे. संत्र्याचे वेगळेच. आपले नागपुरी संत्रे सोलून खायला उत्तम, पण रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. घरी रस काढून फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या बायकांना हा अनुभव असेल. संत्र्याच्या रसाच्या जागतिक व्यापारात ब्राझील सर्वांत पुढे आहे ते अर्थातच वेगळ्या जातीच्या संत्र्यांवर. म्हणून नागपुरी संत्र्याचा रस करायचा तर करावा आणि लगेच प्यावा. क जीवनसत्त्वासाठीच रस हवा असेल, तर हातगाडीवरचा पेरू घ्यावा. तेवढ्याच वजनाच्या संत्र्याच्या जवळजवळ चौपट क जीवनसत्त्व त्यात असते, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

उन्हाळ्यातल्या रमजानात आणखी एक खोके फार खपायचे. त्यावर ‘ओआरएस’ ही अक्षरे मोठी असत. जुलाब झालेल्या मुलाला, चक्कर आलेल्या रोजेदाराला लोक ते विश्वासाने देत. जागतिक आरोग्य संघटनेच्या खऱ्या मिश्रणात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे १०० मिलीत दीड ग्रॅमहूनही कमी. त्या नावाने विकल्या जाणाऱ्या फळांच्या चवीच्या पेयांत त्याच्या कितीतरी पट साखर असे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठ वर्षे झुंज दिली. २०२२ साली प्राधिकरणाने एक खुलासा छापण्याच्या अटीवर ही अक्षरे चालू दिली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ती परवानगी मागे घेतली गेली. एका बाईने मागची बाजू वाचली आणि वाचत राहिली, म्हणून हे झाले.

आमच्या घरात हा विषय केवळ माहितीचा नाही. अम्मींना साखरेचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आला. आमच्या गल्लीत तो आकडा दाराआड, कपाटातल्या गोळ्यांच्या डब्यात आणि पायाच्या न भरणाऱ्या जखमेत दिसतो. तरीही रोजा सोडायला फारसे कोणी तयार नसते. अम्मीही नव्हत्या. डॉक्टरांनी रमजानच्या महिनाभर आधी त्यांच्या गोळ्यांचे प्रमाण आणि वेळ बदलून दिली आणि एक गोष्ट निक्षून सांगितली. दिवसा केव्हाही साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडायचा.

एकदा असरच्या नमाजनंतर अम्मी मुसल्यावरून उठल्याच नाहीत. कपाळाला घाम, हात थरथरताहेत, बोलणे अडखळते आहे. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलमा सांगतात, त्यामुळे यंत्र लावायला त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती. आकडा आला ५८. इफ्तारला दीड तास होता.

“थोडंच राहिलंय,” त्या म्हणाल्या. “पडून राहते. अजान होईल आता.”

“अम्मी, आजाऱ्याला सवलत आम्ही नाही दिली. ज्यानं रोजा फर्ज केला त्यानंच दिली,” आमच्यातली थोरली म्हणाली.

त्या काही बोलल्या नाहीत. डोळे मिटले. मग तोंड उघडले.

त्या वेळी त्यांच्या ओठाला लावले ते खोक्यातल्या रसाचेच नळकांडे होते. अशा प्रसंगी पंधरा ग्रॅम साखर लगेच पोटात जावी लागते, म्हणजे साधारण दीडशे मिली रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि गरज पडली तर पुन्हा द्यायचे. चोथा नाही, चावायचे नाही, रक्तात चटकन उतरते. रसाचा जो दोष एरवी सांगतो तोच त्या वेळी गुण ठरतो. मात्र ‘शुगर फ्री’ लिहिलेले, सुक्रालोजसारख्या गोडीचे खोके अशा वेळी कामाचे नसते. ते जिभेला गोड लागते, रक्तात साखर वाढवत नाही. म्हणून आमच्या कपाटात वरच्या फळीवर साध्या रसाची दोन छोटी खोकी कायम असतात, गोळ्यांच्या डब्याशेजारी. मुलांना ठाऊक आहे की ती खाऊची नाहीत. वीस मिनिटांत अम्मींना तरतरी आली, आणि मग त्या रोजा गेला म्हणून रडल्या. आम्ही दोघी त्यांच्याजवळ बसून राहिलो. त्या दिवशी भजी झाली नाहीत. त्या रोजाचे पुढे काय करायचे, कजा की फिदिया, ते त्यांनी डॉक्टरांना आणि मौलानांना, दोघांनाही विचारून ठरवले.

तेव्हापासून खोक्यातला रस चांगला की वाईट असे आम्हांला कोणी विचारले, तर आम्ही कोणासाठी आणि केव्हा असे उलट विचारतो.

दस्तरखानासाठी म्हणाल तर इफ्तारची गोडी खजुरात आलेलीच असते. सुन्नतही खजूर आणि पाण्याचीच. त्यावर पुन्हा सात चमचे साखरेचे पेय कशाला? आमच्याकडे आता चार-पाच पेये आलटूनपालटून होतात. तासगावकडचे बेदाणे धुऊन रात्री पाण्यात भिजत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी बेदाण्यांसकट घ्यायचे. पेल्याला दहा-बारा बेदाणे पुरतात आणि त्यांत जेमतेम चमचाभर साखर असते. उन्हाळ्यात ते भांडे फ्रिजमध्ये ठेवावे, नाहीतर पाणी आंबते. लिंबू, चिमूटभर मीठ आणि सब्जा. पातळ ताक. आणि कोकम. कोकम घेताना दुकानात नीट बघावे लागते. लाल, दाट ‘अमृत कोकम’ साखरेत मुरवलेले असते. ‘आगळ’ मिठातले असते, त्यात साखर नसते. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांना आगळ बरे, पण रक्तदाब असेल तर तेही बेताने. बाटल्या एकाच फळीवर, एकाच रंगाच्या. फरक कळतो तो मागची बाजू वाचल्यावरच. पहिल्या वर्षी आमचे किराणावाले अण्णा हसायचे. “वहिनी, परीक्षा हाय काय उद्या?” असे विचारायचे. आता आम्ही आत गेलो की काही न बोलता काउंटरवरचा आपला चष्मा आमच्यापुढे सरकवतात, कारण ती अक्षरे खरोखरच फार बारीक असतात.

घरचे जमले, तरी मोहल्ल्याचे राहिलेच. मशिदीतल्या इफ्तारीसाठी पोरे वर्गणी काढतात आणि आंब्याच्या पेयाची खोकी पेट्यांनी आणतात. आमच्यातल्या थोरलीचा मुलगा त्या पोरांत आहे. त्याला आम्ही हे सगळे सांगितले तेव्हा त्याने ऐकून घेतले आणि मग आपली बाजू मांडली. ती बाजू कच्ची नव्हती.

“चाची, सरबत करायचं तर बर्फ कुठला आणायचा? तो कुठल्या पाण्याचा असतो तुम्हांला माहीत आहे? शंभर पेले कोण धुणार? मागं एकदा पिंपातलं सरबत पिऊन अर्ध्या गल्लीचं पोट बिघडलं होतं. खोकं बंद असतं, स्वच्छ असतं. आणि मजूर माणूस दिवसभर उन्हात राबून येतो, त्याला गोड प्यावंसं वाटलं तर त्याला तक्ते वाचून दाखवायचे का?”

या प्रश्नाला आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते. खोक्यातला रस तापवून निर्जंतुक केलेला असतो, हे खरेच आहे. गाडीवरच्या बर्फाची खात्री कोणीच देणार नाही, हेही खरे. आणि उन्हात राबलेल्या माणसाची तहान घरात बसलेल्या बायकांनी मोजू नये, हेही आम्हांला पटले. पण मशिदीत त्या मजुराशेजारी अम्मींच्या वयाचे आठ-दहा म्हातारे बसतात. त्यांतल्या किती जणांच्या खिशात गोळ्या असतात, तेही त्याला ठाऊक होते. त्यांना आपण फळाच्या नावाखाली काय देतो आहोत? रोजेदाराला इफ्तार घडवणाऱ्याला त्या रोजाइतकाच सवाब मिळतो, मग तो एका खजुराने घडवला तरी, अशी शिकवण आहे. सवाब खोक्याच्या आकारावर नाही. बंद बाटलीतले पाणी खोक्याइतकेच स्वच्छ असते, आणि केळ्याला ना सुरी लागते ना पेला. अल्लाहने त्याचे वेष्टन आधीच करून ठेवले आहे. म्हाताऱ्यांना अर्धे केळे पुरे, मजुराने दोन खावीत.

वाद दोन-तीन संध्याकाळी चालला. कमिटीतल्या काही पोरांना केळी म्हणजे कंजूषपणा वाटला. शेजारच्या मोहल्ल्यात खोकी वाटतात, आपल्याकडे केळी, लोक काय म्हणतील, असा त्यांचा सूर होता. शेवटी ठरले ते असे. रोज खजूर, केळी आणि पाणी. खोकी फक्त जुम्म्याला आणि सत्ताविसाव्या रात्री. आमच्या मनासारखे पुरते झाले नाही, पोरांच्याही नाही.

जुम्म्याची खोकी आणायला थोरलीचा मुलगा घाऊक दुकानात गेला. तिथे त्याने एक खोके उचलले, उलटे केले आणि उजेडात धरले. दुकानदाराला वाटले, माल जुना आहे की काय अशी शंका आली.

“एक्स्पायरी बघतोस होय?” त्याने विचारले.

“नाही,” पोरगा म्हणाला, “साखर.”

मग त्याने दुसरे उचलले, ते वाचले, आणि तिसरेही.